खिडकीतली फाइल

हल्ली मुलाखतीला येणारी मुलं-मुली एक प्रश्न हमखास विचारतात. "सरकारी नोकरीत तुमची घुसमट नाही का झाली?" विचारताना चेहरा असा करतात, की मी उमेदीची सगळी वर्षं येरवड्याला काढली होती. पूर्वी मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून न्यायचे. आता वय झालं, त्यामुळे खरं बोलायची सोय झाली आहे. मी सांगते, "नाही झाली. नोकरी नसती तर मी लिहिलं काय असतं, कपाळ?" मग ती बिचारी पुढच्या प्रश्नाकडे वळतात. छापून मात्र येतं, 'शासकीय चाकोरीतही त्यांनी आपली संवेदनशीलता जपली.' जपायला ती काय लोणच्याची बरणी आहे?

म्हणून एकदाचं हे स्वतःच लिहून ठेवते. नाटककार म्हणून जे काही मला मिळालं, त्याची सुरुवात एका सरकारी कचेरीत झाली. आणि पहिल्या नाटकावर लेखिका म्हणून माझं नाव लागलं, ते तर माझ्या वरिष्ठ बाईंमुळे लागलं. ते जवळजवळ हातचं गेलं होतं, आणि घालवलं होतं मीच. ऋण फेडण्याची भाषा मी करणार नाही, कारण ते फिटणारं नाही. पण मान्य करायला काही खर्च येत नाही.

मी मूळची वर्ध्याकडची. स्पर्धा परीक्षा देऊन महसूल खात्यात लागले आणि पुण्याला आले. पहिली खोली नारायण पेठेत मिळाली. घरमालकीणबाई माझं बोलणं ऐकून विचारायच्या, "तुम्ही 'करून राहिले' म्हणता, म्हणजे नक्की करून झालं की करायचं राहिलं?" मी चिडायचे. मग हळूहळू पुणेरी शिकले, म्हणजे कमी बोलायला आणि त्यातही समोरच्याला दोन दिवसांनी कळेल असं बोलायला शिकले. लग्नानंतर बिबवेवाडीत फ्लॅट घेतला, तो अजून आहे. खाली किराणा, शेजारी झेरॉक्सवाला, समोर पोळी-भाजी केंद्र. लिहिणाऱ्या बाईला याहून जास्त काय लागतं?

माझी सगळ्यात जास्त वर्षं भूसंपादनात गेली. रस्त्यासाठी, कारखान्यासाठी, संगणक कंपन्यांसाठी सरकार शेतकऱ्यांची जमीन ताब्यात घेतं, ते काम. जमीन जाणाऱ्यांच्या हरकती ऐकायच्या, त्याला सुनावणी म्हणतात. आमची पद्धत अशी, की माणूस समोर उभा राहून त्याच्या भाषेत बोलणार, आणि मी ते ऐकून शेजारच्या टंकलेखकाला सरकारी भाषेत सांगणार. माणूस रडला तर मी सांगायचे, 'हरकतदार यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.' शिव्या दिल्या तरी तेच सांगायचे.

एकदा हिंजवडीच्या अलीकडच्या एका गावात, शाळेच्या वर्गात सुनावणी चालू होती. एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "बाई, जमीन जाती तर जाऊं द्या. पर बांधच ऱ्हायला न्हाई तर म्या भांडू कुनासंगं? समदं आयुक्ष हिच्यासंगं भांडले म्या." आणि तिने मागच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या म्हातारीकडे बोट केलं. ती दुसरी उठली आणि म्हणाली, "खरं हाय तिचं. आता सकाळच्याला उठून करायचं काय आमी?"

वर्गात हसू पिकलं. मी गंभीर चेहऱ्याने टंकलेखकाला सांगितलं, 'हरकतदार यांचा लगतच्या खातेदाराशी सामाईक बांधाबाबत वाद असून सदर वाद संपादनामुळे संपुष्टात येत असल्याचे त्यांनी कथन केले. हरकत संपादनाच्या प्रयोजनाशी संबंधित नसल्याने फेटाळण्यात येते.' म्हातारीने सही केली, पदर सावरला आणि गेली.

परतताना आमची जीप कंपन्यांच्या बसगाड्यांच्या रांगेत अडकली. हिंजवडीचा तो रस्ता माणसाला विचार करायला भरपूर वेळ देतो, एवढा गुण त्याला द्यावाच लागेल. त्या दिवशी मला वाटलं, आपण आज एक फार मोठी गोष्ट ऐकली आणि ती फेटाळून आलो. माझ्यावाचून ती कोणाला कळणार नव्हती. घरी येऊन मी म्हातारीचं वाक्य जसंच्या तसं लिहून काढलं, आणि मग थांबवेना. दिवसा मी माणसांच्या बोलण्याचं टिपण करायचे आणि पहाटे स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसून टिपणाचं पुन्हा बोलणं करायचे. नवरा उठला की चहा ठेवायचा आणि एवढंच विचारायचा, "कुठवर आलं?" काय लिहितेस, कशाला लिहितेस, असं त्याने कधी विचारलं नाही. त्याबद्दलही मी आभारीच आहे, पण ते त्याला तोंडावर सांगितलं तर तो संशय घेईल.

नाटक दोन म्हाताऱ्यांचं झालं. जन्मभर बांधावरून भांडलेल्या. जमिनी जातात, पैसे येतात, मुलं एकाच इमारतीत समोरासमोर फ्लॅट घेतात, आणि आता या दोघींना भांडायला काही उरलेलं नसतं. म्हणून त्या पार्किंगच्या पट्ट्यावरून सुरू करतात. त्यात एक भूसंपादन अधिकारी होती, आणि सरकारी नोटीस निघायच्या आधीच वास लागून स्वस्तात जमिनी उचलणारा एक दलाल होता. एका हौशी नाट्यसंस्थेच्या दिग्दर्शकांना ते आवडलं. ते कॉलेजात शिकवायचे. नारायण पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी सुरू झाल्या आणि थिएटरची तारीखही मिळाली.

आणि मग परवानगीचा प्रश्न आला. नियम असा होता, की कर्मचाऱ्याने निव्वळ साहित्यिक लिखाण केलं तर परवानगी लागत नाही. पण ते निव्वळ आहे की नाही, हे कोण ठरवणार? माझ्या नाटकात सरकार होतं, आमचंच खातं होतं आणि वर तिकीट होतं. दिग्दर्शक म्हणाले, "कशाला विचारता? कोण बघतंय?" मी सरकारी माणूस. न विचारता केलेलं काम माझ्या घशाखाली उतरत नाही. मी रीतसर अर्ज केला, सोबत नाटकाची संहिता जोडली आणि योग्य मार्गे, म्हणजे खालच्या टेबलापासून वर, पाठवून दिला.

आमच्या कचेरीत कुठलाही कागद नुसता पुढे जात नाही. ज्याच्या टेबलावरून जातो, त्याने काहीतरी शेरा मारलाच पाहिजे, नाहीतर त्याने वाचलं नाही असा अर्थ होतो. माझं नाटकही त्याला अपवाद कसं असेल? पहिल्या टेबलावरून शेरा आला, 'सुनावणीच्या प्रवेशात अधिकारी चहा घेतात. शासकीय खर्चाने की स्वतःच्या, हे स्पष्ट होत नाही.' दुसऱ्या टेबलावरून आला, 'पहिल्या अंकात क्षेत्र दोन हेक्टर, दुसऱ्या अंकात दीड हेक्टर. तफावतीचा मेळ घ्यावा.' आमचे अव्वल कारकून, म्हणजे कारकुनांतले ज्येष्ठ, मनाने फार चांगले, नाटकाच्या नावाने जांभया देणारे, त्यांनी लिहिलं, 'दुसऱ्या अंकात थोरली म्हातारी रडते. कारण नमूद नाही. खुलासा व्हावा.'

मी संतापले. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "रडण्याचं कारण नमूद करा म्हणे! आता काय परिशिष्ट जोडू?" तो म्हणाला, "पण का रडते ती?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की मलाही ठाऊक नाही. त्या जागी रडणं बरं दिसेल म्हणून मी तिला रडवलं होतं. ते रडणं मी काढून टाकलं. क्षेत्राची तफावत ही माझी निव्वळ चूक होती, पण ती मी ठेवली, आणि धाकटी म्हातारी भर रंगमंचावर दलालाची ती लबाडी पकडते असं केलं. पुढे प्रत्येक प्रयोगात सगळ्यात मोठा हशा तिथेच यायचा. चहाच्या शेऱ्याचं मात्र काही करता आलं नाही. तो अजून अनुत्तरित आहे.

असं फिरत फिरत प्रकरण मॅडमच्या टेबलावर गेलं. त्या आमच्या कार्यालयाच्या प्रमुख, अस्सल पुण्याच्या, निवृत्तीला आलेल्या. उगाच कौतुक नाही, उगाच राग नाही. चिडल्या की 'तुम्ही' सोडून 'आपण' म्हणायच्या, आणि तो 'आपण' ऐकला की भलेभले घाम पुसायचे. त्यांच्या खोलीत एक मोठी खिडकी होती आणि तिच्या कट्ट्यावर कायम काही फाइली पडलेल्या असायच्या. कचेरीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, की टेबलावरची फाइल चालू आणि खिडकीतली फाइल मेली. मॅडमना नाही म्हणायचं असलं की त्या नाही म्हणत नाहीत, खिडकीत ठेवतात. खिडकीत गेलेल्या फाइलीबद्दल विचारायला जायचं नाही, हा शहाणपणा नव्या माणसाला रुजू झाल्याझाल्या सांगितला जाई. मलाही सांगितला होता आणि मीही पुढे कित्येकांना सांगितला होता.

एके दिवशी अव्वल कारकून माझ्या टेबलापाशी येऊन नुसते उभे राहिले. मी वर बघितलं. ते हळूच म्हणाले, "तुमची फाइल... खिडकीत." आमच्याकडे कोणी गेल्याची बातमी सांगतात त्या आवाजात.

त्या दिवशी मला किती वाईट वाटलं, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. माझ्या वडिलांचं गावात शिवणाचं दुकान होतं. चालत्या दुकानाची जागा त्यांनी आधीच्या मालकाच्या पश्चात घेतली, पण पाटी तीच राहिली. नवी रंगवून घेऊ म्हणायचे, दर वर्षी दुसराच काही खर्च निघायचा. गावातली माणसं बाबांना त्या पाटीवरच्या, वारलेल्या माणसाच्या नावाने हाक मारायची, आणि बाबा ओ द्यायचे. मी लहान होते तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. मोठी झाल्यावर वाटेनाशी झाली. म्हणून मला नाटकावर माझं नाव हवं होतं. पैसा नको होता, मानधनाचं मी विचारलंही नव्हतं. नाव हवं होतं, आणि ते बाबांना दाखवायचं होतं. यात मोठेपणा काही नाही, पण खोटंही काही नाही.

तारीख जवळ आली होती. संस्थेने थिएटरचं भाडं भरलं होतं. परवानगी नसताना स्वतःच्या नावाने नाटक केलं असतं तर कारवाई ठरलेली, आणि नाटक रद्द केलं असतं तर दोन म्हाताऱ्यांचं काम करणाऱ्या त्या गुणी बायकांची, दिग्दर्शकांची, सगळ्यांची मेहनत वाया. दिग्दर्शक म्हणाले, "टोपणनाव घ्या. पुढे बघू." मी एक टोपणनाव दिलं, पुरुषाचं. बाईचं दिलं असतं तर कचेरीत लगेच ओळखलं असतं. वर्तमानपत्रात जाहिरात आली, लेखक म्हणून त्या न जन्मलेल्या गृहस्थाचं नाव ठळक छापून. मी ती घडी करून ठेवून दिली, आणि दिवसभर सुनावण्या घेतल्या.

माझा भाचा तेव्हा नुकताच हिंजवडीला एका कंपनीत लागला होता. त्याचा फोन आला. "आत्या, प्लेची ॲड आजोबांना फॉरवर्ड केलीय मी. पण तुझं नेमच मिसिंग आहे. प्रिंटिंग मिस्टेक आहे का?" मी त्याला काय सांगणार? संध्याकाळी बाबांचाच फोन आला.

"पेपर पाह्यला मी मोबाइलवर," ते म्हणाले. "गल्लीत सगळ्याइले दाखवला. तुह्यं नाव कुठी आहे वं त्याच्यात?"

"बाबा, ते टोपणनाव आहे."

"म्हणजे दुसऱ्याचं?"

"दुसऱ्याचं नाही. कोणाचंच नाही."

बाबा म्हणाले, "मंग आपल्या दुकानावानीच झालं ना बाई." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी निरोप आणला, मॅडमनी बोलावलंय. मी आत गेले. मॅडमच्या समोर कालचं वर्तमानपत्र होतं, जाहिरातीचं पान वर करून.

"हे नाटक कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं, मॅडम."

"मग हे गृहस्थ कोण?"

"ते... असे कोणी नाहीत, मॅडम."

"नसलेल्या माणसांच्या नावावर आपल्याकडे सातबारे आहेत, तेवढे पुरे झाले," मॅडम म्हणाल्या. "नाटक कशाला? आपण माझ्याकडे परवानगी मागितली होती ना?"

'आपण' ऐकलं आणि मी मनात कारवाईची नोटीसही वाचून घेतली. पण रागही आला होता, आणि राग आला की माझ्यातली वर्ध्याची बाई जागी होते. मी म्हटलं, "मॅडम, फाइल खिडकीत होती."

"बरं. मग?"

"खिडकीत होती, म्हणजे मी समजले."

"काय समजलात?"

मी सांगून टाकलं, की खिडकीतली फाइल म्हणजे नकार, हे सगळ्या कार्यालयाला माहीत आहे. मॅडमनी चष्मा काढला, खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ मी पहिल्यांदाच बघत होते.

"अहो, माझ्या डोळ्यांना ट्यूबलाइटखाली नीट दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दुपारी तिथे ऊन येतं. ज्या फाइली शांतपणे वाचायच्या असतात, त्या मी तिथे ठेवते."

"पण मॅडम, तिथल्या फाइली कधी खाली येत नाहीत."

"त्यांच्यामागे कोणी येतच नाही. मला वाटायचं, अर्जदाराची गरज संपली असेल."

आम्ही दोघी काही वेळ त्या कट्ट्यावरच्या ढिगाकडे बघत बसलो. त्यात कोणाची बदली होती, कोणाची रजा होती, कोणाच्या मोबदल्याची तक्रार होती, देव जाणे. कचेरी मॅडमना समजून घेऊन गप्प बसली होती, आणि मॅडम कचेरीला समजून घेऊन. मला हसू यायला लागलं. मॅडमनाही आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं. त्याच दुपारी त्यांनी सगळा कट्टा रिकामा करायला घेतला, आणि पुढचा आठवडाभर कचेरीतली माणसं मेलेल्या फाइली जिवंत होऊन आल्यासारखी दचकत होती.

पण त्याआधी त्यांनी माझी संहिता पुढे ओढली. पानापानात कागदाचे कपटे खोचलेले होते. त्यांनी ते खरंच वाचलं होतं, नीट, एखादा निवाडा वाचावा तसं. म्हणाल्या, "तुमच्या नाटकातली अधिकारी बाई फार बोलते. आम्ही इतकं बोलत नाही." मी मान डोलावली. मग शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "या दोघी शेवटी गळ्यात गळा घालतात. कशाच्या आधारावर?"

"म्हणजे... समेट, मॅडम."

"समेट झाला तर त्यांच्याकडे उरलं काय? तुम्हीच तर लिहिलंय, भांडण हीच त्यांची शेवटची जमीन आहे. तीही घेता होय त्यांच्याकडून?"

मी हे असं कुठे लिहिलं नव्हतं. ते मॅडमनी वाचलं होतं. त्या मिनिटाला मला पहिल्यांदा खात्री वाटली, की मी लिहिलेलं काहीतरी आहे, त्यात मलाही न दिसलेलं दुसऱ्याला दिसू शकतं. पुढे पुष्कळ समीक्षकांनी पुष्कळ काही लिहिलं. पण तसं पुन्हा वाटलं नाही. शेवट मी बदलला. आता त्या दोघी शेवटी पार्किंगचा पट्टा खडूने पुन्हा आखतात आणि पडदा पडतो.

मॅडमनी सही केली. म्हणाल्या, "परवानगी तुमच्या नावाने दिली आहे. त्या दुसऱ्या गृहस्थांना मी ओळखत नाही. जाहिरात दुरुस्त करून घ्या." मी आभार मानायला लागले, तर त्यांनी हात वर केला. "आभार कसले? अर्ज होता, निकाली काढला. आणि आता जा, बाहेर सुनावणीचे लोक खोळंबलेत."

पहिल्या प्रयोगाला बाबा आले. भाचा त्यांना स्टेशनवरून घेऊन आला. तिसरी घंटा झाली, दिवे मालवले आणि पडद्यामागून घोषणा झाली. संस्थेचं नाव, नाटकाचं नाव, आणि लेखिका म्हणून माझं नाव. पूर्ण, बाबांच्या नावासकट. मी विंगेत उभी होते आणि मला रडू आवरेना. याचं कारण कोणी विचारलं असतं तर मी नमूद केलं असतं. मध्यंतरात बाबा म्हणाले, "चांगलं आहे. पण तो नाव सांगनारा जरा हळू बोलला." प्रयोगानंतर त्यांनी दिग्दर्शकांना गाठून पुढच्या वेळी मोठ्याने सांगायची सूचना केली, आणि त्या भल्या माणसाने ती पाळली.

नाटक चाललं. पुण्यात चाललं, मग बाहेर गेलं. नागपूरला झालं तेव्हा सगळं गाव दोन गाड्या करून आलं. पुरस्कार मिळाले, दुसरं नाटक लिहिलं, तिसरं लिहिलं. लोक मला कार्यक्रमांत व्यासपीठावर बसवायला लागले. मॅडम कधी आल्या नाहीत. त्या अधूनमधून एवढंच विचारायच्या, "प्रयोग कामाच्या दिवशी नाही ना?"

त्यांच्या निवृत्तीला आम्ही निरोप समारंभ ठरवला होता. मी भाषणही तयार केलं होतं, आणि चांगलं केलं होतं. मॅडमनी समारंभ घेऊच दिला नाही. म्हणाल्या, "गुडघे दुखतात." शेवटच्या दिवशी टेबलाची किल्ली देऊन निघून गेल्या. मला ते लागलं. वाटलं, एवढंही करू देऊ नये माणसाने? काही दिवस मी जरा फुरंगटूनच होते.

खरी गोष्ट मला पुढे बऱ्याच काळाने कळली, अव्वल कारकुनांकडून. तेही तोवर निवृत्त झाले होते आणि बिबवेवाडीतच आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले होते. भाजी घेताना भेटले. बोलता बोलता म्हणाले, "मॅडमची चौकशी संपली, कळलं का? काही निघालं नाही. निघणार काय होतं?"

मी विचारलं, "कसली चौकशी?"

त्यांनी जीभ चावली. पण बोलून गेले होते, म्हणून मग सगळं सांगितलं. नाटकातला दलाल आपल्यावरून बेतला आहे, असं कोणा वजनदार माणसाला वाटलं होतं. असे दलाल इतके, की त्यांतल्या एकालाच का वाटलं, हे नवल. त्याने वर तक्रार केली, की सरकारी बाईने सरकारी माहितीवर नाटक लिहिलं आणि वरिष्ठांनी परवानगी दिली. वरच्या कार्यालयातून मॅडमना तोंडी सुचवलं गेलं, की फार ताणू नका. तुमच्या त्या बाईंना नाव काढायला सांगा. मूळ जाहिरातीतलं टोपणनाव पुन्हा घाला, नाटक खुशाल चालू दे, तक्रार इथेच मिटवतो. मॅडम निवृत्तीच्या दारात होत्या. अशा वेळी चौकशी लागली तर काय होतं, हे आमच्या खात्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पेन्शनचे कागद अडकतात, आणि ज्या कचेरीत जन्म गेला तिथे माणसं कुजबुजायला लागतात. मॅडमनी लिहून दिलं, की नाटक मी स्वतः वाचून परवानगी दिली आहे, जबाबदारी माझी आहे. चौकशी लागली. ती डोक्यावर असताना हारतुरे घ्यायचे नाहीत, म्हणून गुडघे दुखले. आणि माझ्या कानावर यातलं अक्षर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी कचेरीत बजावून ठेवलं होतं.

मी भाजीची पिशवी घरी टाकली आणि तशीच रिक्षा करून नारायण पेठेत गेले. मॅडम एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बहिणीबरोबर राहायच्या. दार त्यांनीच उघडलं. "न कळवता आलात," म्हणाल्या, पण आत घेतलं. शेंगा निवडत बसल्या होत्या. मलाही ताट पुढे सरकवलं.

व्यासपीठावर मला बोलायला सांगितलं तर मी थांबत नाही, आणि इथे मी नुसत्या शेंगा सोलत होते. रस्ताभर मी जुळवलेलं सगळं विसरले. शेवटी एवढंच म्हणाले, "मॅडम, मला एकदा विचारायचं होतंत. मी नाव काढलं असतं."

मॅडमनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर विचारलं नाही."